घरच्या निगेटिव्ह स्कॅन करायच्या आहेत : कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

वाशिष्ठी

नमस्कार मंडळी.

माझं माहेर चिपळूण. २२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी घरात शिरलं आणि खालच्या मजल्यावरचे सगळे अल्बम गेले. बाबांनी पस्तीस-चाळीस वर्षं काढलेले फोटो होते ते. निगेटिव्ह मात्र बऱ्याचशा वाचल्या, कारण बटरपेपरच्या पाकिटांत घालून, पाकिटावर साल लिहून, बाबांनी त्या माळ्यावर ट्रंकेत ठेवल्या होत्या. एक डबा तेवढा खालच्या कपाटात राहिला, तो भिजला. बाबा आता नाहीत, प्रिंटही नाहीत. जे काही उरलंय ते या पट्ट्यांमध्येच, आणि ते नीट बाहेर काढायचं काम मी अंगावर घेतलं आहे.

ऐवज असा : ३५ मिमीचे ६२ रोल, जवळपास सगळे रंगीत, १९८३ ते २००४ मधले. अग्फा क्लिक थ्री या साध्या कॅमेऱ्यावर काढलेले १२० चे (रुंद फिल्मचे) ११ रोल, कृष्णधवल, १९७० च्या आगेमागे. चाळीसेक स्लाइड. आणि तो भिजलेला डबा.

आधी एका लॅबमध्ये दोन रोल देऊन पाहिले. दीड मेगापिक्सेलच्या जेपेग फाइली हातात आल्या, फ्रेमच्या कडा कापलेल्या, आणि एका पट्टीवर नवा ओरखडा. म्हणून एप्सन व्ही६०० जुना घेतला. यंत्र चांगल्या स्थितीत आहे. त्याच्यासोबतच्या एप्सन स्कॅनवर आत्याच्या लग्नाची एक पट्टी करून पाहिली. सहा फ्रेम, एकाच मांडवात, दहा मिनिटांत काढलेल्या. पहिल्या फ्रेममध्ये आत्याचा शालू विटकरी, दुसऱ्यात तपकिरी, तिसऱ्यात चक्क जांभळा, चौथ्यात परत विटकरी. पार्श्वभूमीला केळीचे खांब जास्त आले की एक रंग, पांढरा सदरेवाला कोणी मध्ये आला की दुसरा.

व्ह्यूस्कॅन आणि सिल्व्हरफास्ट ही दोन नावं सगळीकडे ऐकू येतात. पैसे एकदाच घालायचे आहेत. यातलं कुठलं घ्यावं, की दोष माझ्याच वापरण्यात आहे? आणि स्कॅन किती डीपीआयला (इंचाला किती ठिपके) करावं? यंत्रावर ६४०० लिहिलंय.

शटर_१२५

वाशिष्ठीताई, फार मोलाचं काम हाती घेतलंय तुम्ही.

माझ्याकडे प्लस्टेकचा ऑप्टिकफिल्म ८२००आय आहे. त्याच्यासोबत सिल्व्हरफास्ट मिळतं, म्हणून सहा वर्षं तेच वापरतोय. जर्मनीतल्या कील शहरातल्या लेझरसॉफ्ट इमेजिंगचं आहे ते. त्यातलं मला सर्वांत आवडलेलं अंग म्हणजे निगाफिक्स. निगेटिव्हच्या काठावर फिल्मचं नाव छापलेलं असतं : कोडॅक गोल्ड, फुजी, कोनिका, अग्फा. ते वाचायचं, यादीतून कंपनी, फिल्म आणि तिचा वेग निवडायचा, की त्या फिल्मच्या नारिंगी झाकेचा (रंगीत निगेटिव्ह सगळीकडे नारिंगी दिसते तिचा) हिशेब बऱ्यापैकी जमलेला मिळतो. तुमच्याकडे घरगुती वापराच्या फिल्मच जास्त असणार, त्या यादीत सापडतात.

धूळ-ओरखड्यांसाठी आयएसआरडी नावाचं साधन आहे, ते स्कॅनरच्या इन्फ्रारेड दिव्यावर चालतं. मल्टी-एक्स्पोजरमध्ये तीच फ्रेम दुसऱ्यांदा जास्त प्रकाश देऊन वाचली जाते आणि दोन्ही एकत्र केल्या जातात. स्लाइडच्या गडद सावल्यांत याने पुष्कळ फरक पडतो. निगेटिव्ह मुळात तितकी दाट नसते, तिथे तो वेळ वाया जातो असं माझं मत झालंय.

एक अडचण आधीच सांगतो. सिल्व्हरफास्टचा परवाना स्कॅनरच्या मॉडेलला बांधलेला असतो. उद्या व्ही६०० बिघडला आणि दुसरा स्कॅनर घेतला, तर परवानाही नवा घ्यावा लागतो. व्ह्यूस्कॅन एकदा घेतलं की ते ओळखतं त्या सगळ्या स्कॅनरांवर चालतं. जुन्या यंत्राला हा मुद्दा लहान नाही.

डीपीआयबद्दल : ६४०० वर जाऊ नका. बारीक रेघांची चाचणी-पट्टी ठेवून व्ही६०० मोजणाऱ्यांना खरा तपशील १५००-१६०० डीपीआयच्या आसपासच मिळालेला आहे. माझ्या प्लस्टेकवर ७२०० लिहिलंय, प्रत्यक्षात ३२०० च्या थोडं वर. पुढचे आकडे फक्त फाइल फुगवतात.

पैलतीर

मी फ्रीमाँटला असतो. आईबाबांच्या १९ रोलांसाठी स्कॅनर न घेता कॅमेरा वापरला : २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, १:१ मॅक्रो लेन्स, खाली चांगला एलईडी पॅनल, वरून सरळ फोटो. एफ ८, आयएसओ १००. नंतर लाइटरूम क्लासिकमध्ये निगेटिव्ह लॅब प्रो हे प्लगइन. काठाच्या कोऱ्या नारिंगी भागावरून व्हाइट बॅलन्स घ्यायचा, काठ कापायचा, कन्व्हर्ट. एक रोल पंधरा मिनिटांत हातावेगळा होतो आणि तपशील व्ही६०० पेक्षा नक्कीच जास्त येतो.

फक्त लाइटरूमचं भाडं दर महिन्याला भरावं लागतं. आणि या पद्धतीत इन्फ्रारेड नाही, प्रत्येक धुळीचा कण हाताने पुसायचा. माझ्या निगेटिव्ह कोरड्या हवेत राहिल्या होत्या, मला जमलं. पुराचा गाळ बसलेल्या पट्ट्यांना मी हा मार्ग सुचवणार नाही. तुमच्याकडचा स्कॅनरच बरा.

स्टुडिओवाला अण्णा

सांगलीत माझा स्टुडिओ होता, १९७८ ते २००९. पहिली काही वर्षं कृष्णधवल, मग रंगीत. शालू रंग का बदलतो ते सांगतो, कारण ते कळलं की सॉफ्टवेअरचा अर्धा प्रश्न सुटेल.

रंगीत निगेटिव्ह नारिंगी का दिसते? फिल्ममध्ये तीन रंगद्रव्यं तयार होतात : पिवळं, गडद गुलाबी मॅजेंटा, निळसर सायन. मॅजेंटाने फक्त हिरवा प्रकाश अडवायला हवा, पण ते थोडा निळाही अडवतं. सायनने फक्त लाल अडवायला हवा, तेही थोडं हिरवं-निळं खातं. हा दोष भरून काढायला फिल्म बनवतानाच त्या थरांत रंगीत कप्लर (रंगद्रव्य तयार करणारी रसायनं) घातलेले असतात, एकात पिवळट, दुसऱ्यात तांबूस. जिथे द्रव्य तयार होतं तिथे कप्लर खर्च होतो, जिथे होत नाही तिथे तो तसाच राहतो. दोन्हींची बेरीज होऊन दोष सगळ्या फ्रेमभर सारखा पसरतो, आणि सारखा पसरलेला दोष एका फिल्टरने काढता येतो. ती पसरलेली झाक म्हणजे नारिंगी. कोडॅकची वेगळी, फुजीची वेगळी, आणि एकाच कंपनीची फिल्म वेगवेगळ्या लॅबमध्ये धुतली तरी थोडी वेगळी.

डार्करूममध्ये आम्ही काय करत होतो? रोल आला की एक फ्रेम घेऊन एनलार्जरवर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर उतरवणाऱ्या यंत्रावर) पिवळे आणि मॅजेंटा फिल्टर बसवून चाचणी प्रिंट काढायची. रंग जमला की तो पॅक, म्हणजे फिल्टरांची ती जोडी, पाकिटावर लिहून ठेवायची. मग त्याच उजेडातल्या बाकीच्या फ्रेम त्याच पॅकवर. शालू पहिल्या फ्रेमला डाळिंबी निघाला की छत्तिसाव्या फ्रेमलाही डाळिंबीच निघायचा, मग मागे केळीचे खांब असोत की पांढरे सदरे.

वाशिष्ठी, तुझं सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेमला नवा पॅक ठरवतंय. फ्रेममधले सगळे रंग मिळून करडा व्हायला हवा असं धरून ते आपोआप दुरुस्ती करतं. हिरवं जास्त दिसलं की उलट्या बाजूला ओढतं. तुझ्या वापरण्यात दोष नाही. ज्या सॉफ्टवेअरमध्ये रोलचा पॅक एकदा ठरवून कुलूप लावता येईल, ते घे. नाव काहीही असो.

मुक्तस्रोत

अण्णांनी मुळावरच बोट ठेवलं. त्यांच्या कुलपाला व्ह्यूस्कॅनमध्ये नेमकं तेच नाव आहे. कृती :

पट्टीच्या सुरुवातीचा कोरा तुकडा, किंवा दोन फ्रेममधली मोकळी जागा होल्डरमध्ये (पट्टी धरणाऱ्या चौकटीत) दिसेल अशी ठेवा. प्रिव्ह्यू घ्या, चौकट फक्त त्या कोऱ्या भागावर आणा. इनपुट टॅबमध्ये ‘लॉक एक्स्पोजर’वर खूण करा. पुन्हा प्रिव्ह्यू. मग ‘लॉक फिल्म बेस कलर’वर खूण. आता लाल, हिरव्या, निळ्याचे जे आकडे दिसतात ते त्या रोलचे. पाकिटावर लिहून ठेवा, अण्णा लिहीत तसेच. पुढच्या सगळ्या फ्रेमना ते लागू राहतात.

पण मला त्याच्याही आधीचं सांगायचंय. स्कॅन करणं आणि रंग ठरवणं ही दोन कामं वेगळी करा. स्कॅनर चालवताना एकच ध्येय ठेवा : फिल्मवर आहे ते सगळं, काहीही न कापता, फाइलमध्ये उतरवणं. निगेटिव्हचं पॉझिटिव्ह नंतर करा, हवं तितक्या वेळा करा. पाच वर्षांनी चांगलं साधन आलं तर त्याच फाइलीवरून पुन्हा करा. तुमच्या पट्ट्या एकदा पाण्यातून गेल्या आहेत, त्या परत परत होल्डरमध्ये घालायला लागू नयेत.

यासाठी व्ह्यूस्कॅनची प्रोफेशनल आवृत्ती घ्या, आउटपुटमध्ये रॉ फाइल (काहीही दुरुस्ती न केलेली) निवडा, ६४ बिट आरजीबीआय. म्हणजे तीन रंगांचे १६-१६ बिट आणि चौथा थर इन्फ्रारेडचा, तोही १६ बिट. धूळ कुठे आहे याचा नकाशाच फाइलीत साठवला जातो. नंतर हीच फाइल व्ह्यूस्कॅनमध्ये स्कॅनर नसतानाही उघडता येते, आणि धूळ किती पुसायची, रंग कसे घ्यायचे हे तेव्हा ठरवता येतं. सिल्व्हरफास्टमध्येही हे आहे, एचडीआरआय नावाने, मात्र त्यांच्या सर्वांत स्वस्त आवृत्तीत नाही. एप्सन स्कॅनमध्ये डिजिटल आइस (धूळ-ओरखडे इन्फ्रारेडने शोधून पुसणारी सोय) चांगलं चालतं, पण ते भाजी चिरून, शिजवून, वाढूनच देतं. इन्फ्रारेडचा थर वेगळा हाती लागत नाही.

रंगांसाठी पुढे पैसे घालायची गरज नाही. डार्कटेबल हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे, लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हींवर चालतं. ऑगस्ट २०२० च्या ३.२ आवृत्तीपासून त्यात नेगाडॉक्टर नावाचं मोड्यूल आहे. ते निगेटिव्ह नुसती उलटी करत नाही. फोटो संपादकातल्या ‘इन्व्हर्ट’ने चित्र फिकट, निळसर आणि सपाट येतं, कारण फिल्मवरची नोंद घनतेची असते आणि घनता लॉगरिदमने चालते. नेगाडॉक्टरचं गणित कोडॅकच्या सिनिऑन पद्धतीवर आधारलेलं आहे, सिनेमाच्या निगेटिव्हसाठी बनलेल्या. एका टॅबमध्ये फिल्मचा कोरा रंग टिपायचा, दुसऱ्यात सावल्यांची आणि उजेडाची झाक वेगवेगळी काढायची, तिसऱ्यात प्रिंटचा काळा बिंदू, कागदाची ग्रेड वगैरे. अण्णांना ते बघून आपल्या डार्करूममध्ये आल्यासारखं वाटेल.

सावल्या आणि उजेड वेगवेगळे दुरुस्त करता येणं जुन्या फिल्मला फार कामाचं. चाळीस वर्षांत तिन्ही रंगद्रव्यं सारख्या वेगाने विटत नाहीत. सावलीत एक झाक उरते, उजेडात दुसरी. एकच व्हाइट बॅलन्स फिरवत बसलात तर चेहरा जमतो तेव्हा आभाळ बिघडतं.

पानशेत६१

मी पुण्याचा, वय ७४. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आम्ही नारायण पेठेत राहत होतो. माझ्या आईच्या लग्नाचा एकही फोटो आमच्याकडे नाही. निगेटिव्ह तर कुणी जपून ठेवायचंच नाही तेव्हा, त्या फोटोग्राफरकडे असत. वाशिष्ठी, तुझ्या बाबांनी पाकिटांवर साल लिहून ठेवलं, हे वाचून थांबलो जरा.

माझा प्रश्न : माझ्याकडे ओर्वो एनपी २२ आणि इंदूच्या कृष्णधवल पट्ट्या आहेत. नातवाने धूळ काढायचा पर्याय चालू करून स्कॅन केल्या, तर चेहरे मेणाचे झालेत, केसांची रेघ न् रेघ पुसली गेली. फिल्मच खराब झाली म्हणायची का?

शटर_१२५

काका, फिल्म ठणठणीत असणार. तो पर्याय बंद करून नातवाला पुन्हा एक पट्टी करायला सांगा.

रंगीत फिल्ममधली रंगद्रव्यं इन्फ्रारेड प्रकाशाला पारदर्शक असतात. तो प्रकाश आरपार जातो आणि फक्त धुळीपाशी, ओरखड्यापाशी अडतो. म्हणून सॉफ्टवेअरला दोष कुठे आहे ते कळतं. कृष्णधवल फिल्ममधलं चित्र मात्र धातुरूप चांदीचं असतं, आणि चांदी इन्फ्रारेडही अडवते. मग सॉफ्टवेअरला अख्खं चित्रच धूळ वाटतं आणि ते पुसू लागतं. अपवाद इल्फर्डच्या एक्सपी२ सारख्या फिल्मचा, त्या कृष्णधवल असल्या तरी रंगीत फिल्मच्या सी-४१ प्रक्रियेत धुतल्या जातात आणि त्यांत शेवटी चांदी उरत नाही. कोडाक्रोम स्लाइडलाही जपून, तिचं सायन द्रव्य थोडा इन्फ्रारेड अडवतं.

वाशिष्ठीताई, हे तुमच्या क्लिक थ्रीच्या ११ रोलांनाही लागू. तिथे इन्फ्रारेड बंद, १६ बिट ग्रे, आणि धूळ हवेच्या फुग्याने आधीच उडवायची. राहील ती हाताने.

वाशिष्ठी

सगळ्यांचे मनापासून आभार. पानशेत६१ काका, तुमचं वाचून रात्री पुन्हा ती पाकिटं काढून बघत बसले.

व्ह्यूस्कॅनची चाचणी आवृत्ती उतरवली. चाचणीत चित्रावर डॉलरच्या खुणा छापून येतात, पण रंग पारखता येतात. मुक्तस्रोत यांनी सांगितल्याप्रमाणे लग्नाच्याच पट्टीचं कुलूप लावलं. सहाही फ्रेममध्ये शालू एकच रंगाचा आला! थोडा जास्त केशरी आहे, पण सगळीकडे सारखा केशरी. आत्या डोंबिवलीला असते आणि शालू अजून तिच्या कपाटात आहे. रविवारी जाऊन पट्टी आणि शालू शेजारी ठेवून बघणार आहे.

आता भिजलेला डबा. त्यात आठ रोल आहेत. पाच रोलांच्या पट्ट्या सुट्या आहेत पण त्यांवर गाळाचा पातळ थर आणि काही ठिकाणी जाळीसारखे डाग आहेत. तीन रोल बटरपेपरला चिकटलेत. पाण्यात टाकून सोडवायचे का? सॉफ्टवेअरने यातलं किती निघेल?

स्टुडिओवाला अण्णा

थांब, पाण्यात काही टाकू नकोस. आधी जाळीसारखे डाग बघ.

२००५ मध्ये कृष्णेचं पाणी माझ्या दुकानात कमरेपर्यंत होतं. गिऱ्हाइकांच्या निगेटिव्ह होत्या त्यात. तेव्हा जे शिकलो ते सांगतो. फिल्म ओली असेल तर ती ओलीच ठेवायची, स्वच्छ थंड पाण्यात, आणि धुऊन मगच वाळवायची. ओली पट्टी पाकिटात वाळली की जिलेटिन, म्हणजे फिल्मवरचा चित्र धरून ठेवणारा थर, गोंदासारखं चिकटतं. तुझ्या तीन रोलांचं तेच झालंय. सुकं ओढलंस तर चित्राचा थर कागदाबरोबर निघून येईल. ते तीन रोल बाजूला ठेव, सपाट, कोरड्या जागी. त्यांना जाणत्या संवर्धकाचा हात लागला पाहिजे. घाई करू नकोस.

जाळीसारखे डाग म्हणजे बहुधा बुरशी. भिंगाखाली बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू फुटलेले दिसतील. बुरशी जिलेटिन खाते आणि खाल्लेला भाग पाण्यात विरघळण्याजोगा होऊन बसतो. अशा पट्टीला पाणी लावलं की डागासकट चित्र वाहून जातं. मी एका माणसाच्या मुंजीची पट्टी अशी घालवली आहे, त्याचं वाईट मला आजही वाटतं. बुरशी असेल तिथे पाणी वर्ज्य. आयसोप्रोपाइल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं, मऊ कापसावर घेऊन आधी काठाच्या रिकाम्या भागावर लावून बघ. रंग उतरत नसेल तरच पुढे, चकचकीत बाजूने सुरुवात कर. मळकट दिसणारी बाजू म्हणजे चित्राची, तिला जितका कमी हात लागेल तितकं बरं.

आणि त्या आठ रोलांचं पाकीट बाकीच्या ट्रंकेत परत ठेवू नकोस. बुरशी पसरते. कोकणातली पावसाळी हवा तिला फारच मानवते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घाल, रंग बदलला की तव्यावर गरम करून परत वापर.

मुक्तस्रोत

सॉफ्टवेअरची बाजू मी सांगतो. गाळाचा कण इन्फ्रारेड अडवतो, त्यामुळे तो नकाशात येतो. पण सॉफ्टवेअर त्या जागी खरं चित्र आणत नाही, शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाज भरतं. कण लहान असेल तर अंदाज बेमालूम बसतो. नखाएवढा डाग चेहऱ्यावर असेल तर तिथे गुळगुळीत धब्बा होईल. व्ह्यूस्कॅनमध्ये इन्फ्रारेड क्लीनचे लाइट, मीडियम, हेवी असे पर्याय आहेत. सगळ्यांना लाइटवर ठेवा, पुराच्या पट्ट्यांनाही. राहिलेलं हाताने. ज्या फ्रेमला हेवी लागेल असं वाटतं, तिची रॉ फाइल तशीच जपा.

बुरशीने जिथे थरच खाल्लाय तिथे काही निघणार नाही. तिथे मूळ स्कॅन आहे तसाच ठेवा आणि दुरुस्त केलेली प्रत वेगळ्या नावाने.

३५ मिमीला ३२०० डीपीआय ठेवा, नंतर निम्म्यावर आणलं तरी चालतं, चित्रातले नको ते रंगीत ठिपके कमी होतात. हिशेब : ३२०० ला फ्रेम साधारण ४५०० गुणिले ३००० पिक्सेल, ६४ बिटला ११० मेगाबाइट. ६२ रोल म्हणजे सव्वादोन हजार फ्रेम धरल्या तर २५० गिगाबाइट. १ टेराबाइटच्या दोन डिस्क घ्या, एक पुण्या-मुंबईत, दुसरी दुसऱ्या गावी. एकाच घरात दोन्ही नकोत, का ते तुम्हाला सांगायला नको.

केतकीपान

मला स्कॅनिंगमधलं फारसं कळत नाही, पण एक राहून जातंय म्हणून लिहिते. स्कॅनरने फाइलवर आजची तारीख घातलेली असते. आमच्याकडे १९७४ ची मुंज फोनमध्ये २०२३ च्या दिवाळीत जाऊन बसली. डिजिकॅम हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात सगळ्या रोलची तारीख एकदम बदलता येते, आणि मथळ्याच्या रकान्यात देवनागरीत माणसांची नावं लिहिता येतात. ती नावं फाइलच्या आतच राहतात, फोल्डर बदलला तरी जात नाहीत.

तुमच्या आत्या आहेत तोवर त्यांच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसा. आमच्या आजीला कोपऱ्यातला पाण्याचा पिंपही कुणाचा होता ते ठाऊक होतं. ती गेल्यावर उरलेल्या अर्ध्या फोटोंतली माणसं आम्हाला अनोळखी झाली.

पैलतीर

केतकीपान यांना पूर्ण अनुमोदन. मी रंगांवर महिने घातले आणि नावं मागे ठेवली. बाबा गेल्यावर लक्षात आलं.

पानशेत६१

शटर, तुझं म्हणणं खरं ठरलं. तो पर्याय बंद करून स्कॅन केलं आणि माझ्या मोठ्या बहिणीच्या चष्म्याची काडीसुद्धा दिसली. इंदूची फिल्म, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची. धूळ पुष्कळ आहे, पण ती बहीण आहे. नातू आणि मी रोज संध्याकाळी एक पट्टी साफ करतो आता.

वाशिष्ठी

डोंबिवलीहून आले, म्हणून सविस्तर लिहिते.

व्ह्यूस्कॅन प्रोफेशनल घेतलं. निर्णय दोन गोष्टींवर झाला : परवाना यंत्राला बांधलेला नाही, आणि रॉ फाइलीत इन्फ्रारेड वेगळा राहतो. शटर_१२५ यांच्यासारखा नवा स्कॅनर सॉफ्टवेअरसकट घेतला असता तर सिल्व्हरफास्टवरच थांबले असते, त्यातली फिल्मची यादी मला खरंच आवडली. माझ्या पट्ट्यांच्या काठावर बहुतेक ठिकाणी कोडॅक गोल्ड आणि कोनिका आहे, पण भिजलेल्या पट्ट्यांवर काठच वाचता येत नाही. तिथे कोऱ्या भागावरून कुलूप लावणं हाच मार्ग.

आत्याने शालू काढला. खरा रंग डाळिंबी, अण्णा, तुम्ही न बघता लिहिला होतात तोच. डार्कटेबलमध्ये तिच्यासमोर बसून केलं. कोरा भाग टिपला, आणि मग दुसऱ्या टॅबमध्ये उजेडाची झाक आधी काढली, सावल्यांची नंतर. सावल्यांत हिरवट छटा होती ती गेल्यावर केशरीपणा आपोआप उतरला. आत्या म्हणाली, अजून थोडा गडद, उन्हात असा दिसायचा पण मांडवात नाही. एक काटा खाली घेतला. ती म्हणाली, हा. तीच सेटिंग बाकीच्या पस्तीस फ्रेमवर चिकटवली आणि सगळा रोल जमला. फक्त रात्रीच्या फ्लॅशच्या सात फ्रेमना वेगळी लागली.

मग केतकीपानताईंचं ऐकून नावं लिहायला बसलो. चौदाव्या फ्रेममध्ये मांडवाच्या खांबाला टेकून एक मुलगा उभा आहे, तो मला कुणीतरी पाहुणा वाटत होता. तो गणू, बाबांचा शेजारी, ज्याने बाबांना पहिला रोल भरायला शिकवलं. बाबांच्या तोंडून नाव शंभरदा ऐकलं होतं. चेहरा आज पाहिला.

वेळेचं गणित : १२ फ्रेमच्या एका होल्डरला माझ्याकडे पाऊण तास लागतो. रोज दोन होल्डर, म्हणजे तीन महिने. पावसाळ्याआधी ट्रंक संपवायची आहे. चिकटलेले तीन रोल कुणाकडे न्यायचे त्याची चौकशी मुंबईत चालू केली आहे, हात लावलेला नाही.

एक अडचण अजून. १२० चे रोल पन्नास वर्षं गुंडाळी करून ठेवले होते, होल्डरमध्ये घातले की मधोमध कमानीसारखे उठतात आणि फ्रेमचा मधला भाग अंधुक येतो. व्ही६०० च्या होल्डरची उंची बदलता येत नाही. थेट काचेवर ठेवले तर तेलासारखी इंद्रधनुषी वलयं येतात.

स्टुडिओवाला अण्णा

गणूचं नाव लिहिलंस, बरं केलंस.

ती वलयं म्हणजे न्यूटन रिंग. गुळगुळीत फिल्म गुळगुळीत काचेला टेकली की येतात. दोन मार्ग. एक, पट्ट्या चार-चार फ्रेमच्या कापलेल्या असतील तर प्रत्येक कोऱ्या बटरपेपरमध्ये घाल आणि जाड पुस्तकांखाली दोन आठवडे ठेव, कोरड्या दिवसांत. गुंडाळी कापलेली नसेल तर आत्ताच कापू नकोस, उलट्या बाजूने सैल गुंडाळून आठवडाभर ठेव आणि मग बघ. दुसरा मार्ग, न्यूटन रिंग न येणारी खरबरीत काच मिळते, ती होल्डरच्या मापाची कापून पट्टीवर वरून ठेवायची. फिल्मची मळकट बाजू खाली, चकचकीत बाजू त्या काचेकडे. चित्र उलटं आलं तर सॉफ्टवेअरमध्ये आरशासारखं फिरवून घे. काठावरची अक्षरं सुलटी वाचता आली की बाजू बरोबर.

क्लिक थ्रीची लेन्स साधी असते, फ्रेमचे कोपरे थोडे मऊ येतीलच. ते स्कॅनरमुळे झालं समजून पुन्हा पुन्हा स्कॅन करत बसू नकोस. मध्यभागी चांदीचे कण टिपल्यासारखे दिसले की फोकस लागला.

वाशिष्ठी

गुंडाळ्या कापलेल्या नाहीत. आज रात्रीच पहिल्या दोन उलट्या गुंडाळून ठेवते. आठवड्याने इथेच कळवते.